श्रमाचे घर, जमिनीचा प्रश्न

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवली परिसरात गेल्या काही वर्षांत इमारतींची रांग वाढत गेली आहे. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेलेला नोकरदार लोकलने बदलापूरपर्यंत आला आणि त्याच्यामागोमाग बांधकाम व्यावसायिकही आले. दिवाळी सरली, की याच पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे बिऱ्हाडासह उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती माती कालवतात, साच्यातून विटा पाडतात, भट्टी रचतात. त्या विटांच्या इमारती होतात आणि विटा पाडणारे मात्र पहिल्या सरींबरोबर आपल्या वाडीवरील कुडाच्या खोपटात परततात. ज्याच्या हाताला घर बांधण्याचे काम येते, त्याचे स्वतःचे घर का होत नाही, हा या परिसरातील जुना प्रश्न आहे.

या प्रश्नाला आजवर दोन उत्तरे दिली गेली. पहिले बाजाराचे : पैसे साठवा, कर्ज काढा, सदनिका घ्या. दुसरे शासनाचे : अर्ज करा, यादीत नाव येऊ द्या, घरकुल मिळेल. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. त्यात शहरी गरिबांना मूलभूत सेवा पुरविण्याची, म्हणजेच बीएसयूपी ही योजना होती. सोनिवलीतील बीएसयूपीच्या इमारती या दुसऱ्या उत्तराची साक्ष आहेत.

तिसरेही एक उत्तर आहे. गरजू कुटुंब, स्वयंसेवक आणि देणगीदार यांनी एकत्र येऊन, खांद्याला खांदा लावून घर उभारायचे. त्या घराची किंमत कुटुंबाने हप्त्याहप्त्याने फेडायची आणि त्या पैशातून पुढच्या कुटुंबाचे घर बांधायचे. जगभर ही पद्धत रुजविणाऱ्या संस्थेचे नाव ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’. तिचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले काम पाहण्यासाठी बदलापूरहून फार दूर जावे लागत नाही. हीच रेल्वे कर्जतला पोचते, बोरघाट चढून लोणावळ्याला जाते आणि लोणावळ्याच्या पुढचे स्थानक आहे मळवली.

मळवलीचा आठवडा

ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस मळवली परिसरात एक अनोखे दृश्य दिसत होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आणि २००२ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी जिमी कार्टर विटांच्या थरावर थर चढवीत होते. त्यांचे वय तेव्हा ८२ वर्षांचे होते. त्यांच्यासमवेत त्यांच्या पत्नी रोझलिन होत्या आणि देशविदेशांतून आलेले दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक होते. एका आठवड्यात शंभर घरे उभी करण्याचा हा संकल्प होता. ‘जिमी कार्टर वर्क प्रोजेक्ट’ या नावाने दरवर्षी वेगवेगळ्या ठिकाणी होणारा हा उपक्रम त्या वर्षी भारतात आला होता. हॉलिवूडचा अभिनेता ब्रॅड पिट, ऑस्ट्रेलियाचा माजी कसोटी कर्णधार स्टीव्ह वॉ आणि आपल्याकडचा जॉन अब्राहम हेही या कामात सहभागी झाले. साहजिकच वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे ठळकपणे छापली.

छायाचित्रात मात्र कामाची अर्धीच बाजू आली. शंभर घरे आठ दिवसांत शून्यातून उभी राहत नाहीत. जमीन मिळविणे, कुटुंबांची निवड करणे, आखणी, पायाचे खोदकाम, जोत्यापर्यंतचे बांधकाम ही सारी कामे अशा उपक्रमाच्या आधी कित्येक महिने चालतात. स्वयंसेवक भिंतींना हात लावतात तो या तयारीनंतर. ते परतल्यावरही गिलावा, फरशी, वीज आणि पाण्याच्या जोडण्या ही कामे स्थानिक कारागिरांनाच पुरी करावी लागतात. तेव्हा मळवलीच्या त्या आठवड्याकडे एका दीर्घ प्रक्रियेतील उत्सव म्हणून पाहणे योग्य ठरेल. प्रक्रिया नीट समजून घ्यायची, तर तिच्या उगमापर्यंत जावे लागते.

शेतावर जन्मलेली कल्पना

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ क्लॅरेन्स जॉर्डन या धर्मोपदेशकाने १९४२ मध्ये ‘कोइनोनिया’ नावाची सामुदायिक शेती सुरू केली. गोरे आणि काळे एकाच पंगतीला बसू शकत नाहीत, अशी त्या भागाची रीत असताना या शेतावर दोघेही बरोबरीने राबत आणि बरोबरीने जेवत. त्याची किंमत त्यांनी बहिष्कार आणि हल्ले यांच्या रूपाने मोजली. अलाबामातील मिलार्ड फुलर हे वकील आणि उद्योजक वयाच्या तिशीतच लक्षाधीश झाले होते; पण संपत्तीपायी संसार मोडकळीस आला, तेव्हा त्यांनी व पत्नी लिंडा यांनी सारे विकून टाकले आणि १९६५ मध्ये ते या शेतावर आले.

जॉर्डन आणि फुलर यांच्या चर्चेतून १९६८ च्या सुमारास ‘भागीदारीतील घर’ ही कल्पना पुढे आली. शेताच्या आजूबाजूला राहणारी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे मोडक्या झोपड्यांत राहत होती. त्यांना दान नको होते आणि बँका त्यांना कर्ज देत नव्हत्या. मग घर नफा न घेता विकायचे, कर्जावर व्याज लावायचे नाही आणि कुटुंबाने बांधकामात स्वतः राबायचे, असे ठरले. जॉर्डन १९६९ मध्ये निवर्तले. फुलर दांपत्याने १९७३ ते १९७६ या काळात आफ्रिकेतील तत्कालीन झाईर देशात हाच प्रयोग केला आणि १९७६ मध्ये अमेरिकसला परतून ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली. जिमी कार्टर यांचे प्लेन्स हे गाव अमेरिकसपासून जवळच. अध्यक्षपदावरून उतरलेल्या या शेजाऱ्याला फुलर यांनी कामात ओढले. १९८४ मध्ये कार्टर दांपत्य न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील एका पडीक सहामजली इमारतीच्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांसह गेले. १९ कुटुंबांना तेथे घरे मिळाली. पुढे साडेतीन दशके हा क्रम चालला आणि १४ देशांत चार हजारांहून अधिक घरांना या दांपत्याच्या उपक्रमाचा हात लागला. रोझलिन यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये, तर जिमी कार्टर यांचे डिसेंबर २०२४ मध्ये निधन झाले.

भारतात या संस्थेचे काम १९८३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम येथे सुरू झाले. कार्टर घराण्याचे मुंबईशी नाते मात्र त्याहून जुने होते. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन या परिचारिका होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळी येथे सुमारे पावणेदोन वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. मळवलीत विटा रचणाऱ्या मुलाच्या आधी चाळीस वर्षे आई याच राज्यात स्वयंसेवक म्हणून राबून गेली होती.

हिशेब कसा जुळतो?

या पद्धतीची तीन अंगे आहेत : कुटुंबाची निवड, कुटुंबाचे श्रम आणि परतफेड.

निवडीचे निकष साधारणपणे तीन असतात. कुटुंबाची गरज खरी आहे का, ते ठरलेला हप्ता भरू शकेल का आणि स्वतःच्या व इतरांच्या घरासाठी राबण्याची त्याची तयारी आहे का. येथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते. ज्याच्या घरात उद्याच्या चुलीची खात्री नाही, त्याला हप्त्याची अट झेपत नाही. म्हणजे ही घरे गरिबांसाठी असली, तरी गरिबांतील सर्वांत गरिबांपर्यंत ती सहसा पोचत नाहीत. त्यांच्यासाठी अनुदानाला पर्याय नाही, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

परतफेडीचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका घराच्या बांधकामाचा खर्च दीड लाख रुपये आला आणि तो दहा वर्षांत फेडायचा आहे. बिनव्याजी परतफेड असेल, तर महिन्याचा हप्ता १,२५० रुपये होतो. हेच कर्ज वर्षाला १२ टक्के व्याजाने घेतले, तर हप्ता सुमारे २,१५० रुपयांवर जातो आणि दहा वर्षांत एक लाखाहून अधिक रुपये केवळ व्याजापोटी द्यावे लागतात. खासगी सावकाराचा दर तर याच्या दुपटीतिपटीवर असतो. रोजंदारीवरील कुटुंबासाठी महिना नऊशे रुपयांचा हा फरक म्हणजे शाळेचा खर्च किंवा औषधपाणी असते.

आता अशी शंभर कुटुंबे नियमित हप्ते भरू लागली, तर महिन्याला सव्वा लाख आणि वर्षाला पंधरा लाख रुपये निधीत परत येतात. त्यातून दरवर्षी आणखी दहा घरे होऊ शकतात. फिरता निधी म्हणतात तो हाच. अर्थात सिमेंट, लोखंड, रेती यांचे भाव चढत गेले, की त्याच पंधरा लाखांत दहाऐवजी आठ, मग सात घरे होतात. बिनव्याजी निधी महागाईने झिजतो; ती झीज भरून काढायला नव्या देणग्या लागतात. भारतासारख्या देशांत ही मूळची रीत परिस्थितीनुसार बदलली आणि सूक्ष्म वित्तपुरवठा व बचत गटांची जोड तिला द्यावी लागली.

घामाचे भांडवल

तिसरे अंग श्रमाचे. हात आखडता असलेल्या कुटुंबाकडे एक भांडवल असते, ते म्हणजे घाम. संस्थेच्या परिभाषेत त्याला ‘स्वेट इक्विटी’ म्हणतात. कुटुंबाने स्वतःच्या घरासाठी आणि शेजाऱ्याच्या घरासाठी ठरावीक तास काम करायचे. पायासाठी खणणे, मुरूम भरून चोपणे, विटा भिजविणे, घमेली वाहणे, ताज्या बांधकामावर पाणी मारणे, रंग देणे ही कामे अकुशल हातांना जमतात. ओळंब्यात भिंत घेणे, सळ्या बांधणे, सेंट्रिंग लावणे, स्लॅब ओतणे ही कामे मात्र गवंडी, फिटर आणि सुतार यांचीच. तेथे हौशी हात लावणे धोक्याचे असते. चांगल्या उपक्रमाची पहिली खूण हीच, की तेथे स्वयंसेवक गवंड्याच्या हाताखाली काम करतो.

यातले सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे पाणी मारणे. सिमेंटला पक्केपणा येण्यासाठी पहिले काही दिवस ओलावा टिकावा लागतो. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचे, भिंतींवर दिवसातून दोनतीनदा पाणी शिंपडायचे. ठेकेदाराचा माणूस हे काम टाळतो, कारण त्याला लवकर मोकळे व्हायचे असते. घरमालकीण ते टाळत नाही. ज्या घरात पुढची तीस वर्षे काढायची, त्याच्या भिंतीला पाणी कमी पडू नये याची काळजी तिच्याइतकी कोण घेणार? श्रमाच्या अटीमुळे खर्च वाचतो हे खरे. पण कामावर कुटुंबाची नजर राहते, हा फायदा त्याहून मोठा आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याला या नजरेचे मोल वेगळे सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. बराकींच्या जागी पुढे इमारती आल्या. त्यातील अनेक इमारती परवानगीविना आणि निकृष्ट मालाने बांधलेल्या होत्या. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये उल्हासनगरपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. घर घेणाऱ्याने बांधकाम पाहिलेलेच नसते, तेव्हा काय होते, याचे हे दारुण उदाहरण.

बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीचाही विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ चा प्रलय आणि जुलै २०१९ चा पूर, या दोन्ही वेळी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूरपातळी लक्षात घेऊन जोत्याची उंची ठरविणे आणि तिच्या खाली बांधकाम न करणे, हे येथील कोणत्याही घरबांधणीचे पहिले सूत्र असायला हवे. ते पाळायचे, तर पायात भरावाचा खर्च वाढतो. स्वयंसेवकांचे हात सर्वाधिक उपयोगी पडतात ते अशाच कामात.

इर्जिक, सावड आणि श्रमदान

भागीदारीने घर बांधण्याची कल्पना अमेरिकेहून आली असली, तरी तिचा आत्मा मराठी मुलखाला परका नाही. पेरणी किंवा मळणीच्या घाईत गावकरी एकाच्या शेतावर जमतात, दिवसभर मजुरी न घेता राबतात आणि यजमानाकडे जेवून घरी जातात, त्याला इर्जिक म्हणतात. आज माझ्या शेतावर तू, उद्या तुझ्या शेतावर मी, ही झाली सावड. कोकणात घर शाकारणे हे शेजारपाजाऱ्यांच्या मदतीनेच होत असे. ज्याच्या घरावर गवत चढायचे, त्याने चहापाण्याची व्यवस्था करायची, एवढाच काय तो व्यवहार.

या देवाणघेवाणीला संत गाडगे महाराजांनी सार्वजनिक रूप दिले. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या या पुरुषाने लोकांच्या देणगीतून आणि श्रमांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. महाविद्यालयीन मुलामुलींच्या पिढ्यांनी तेथे कुदळ-फावडे हाती घेतले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनीही हाच धडा खेडोपाडी नेला. रस्ता, बंधारा, शौचालय यांसाठी आपल्याकडे श्रमदान होते. एका कुटुंबाच्या खासगी घरासाठी श्रमदान करण्याची सवय मात्र इर्जिकीबरोबरच मागे पडली.

किल्लारी आणि कुंभारी

कुटुंबाचा सहभाग असेल तर घर कसे वेगळे होते, याचे दोन मोठे दाखले महाराष्ट्रातच आहेत.

पहिला किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे हेच अनेकांच्या मृत्यूचे कारण ठरले. जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसन झाले. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर झाले. तेथील बरीचशी घरे ठेकेदारांनी किंवा मदत करणाऱ्या संस्थांनी बांधून दिली. तुलनेने कमी हानी झालेल्या गावांत मात्र शासनाने साहित्य, पैसा आणि अभियंत्याचे मार्गदर्शन दिले आणि घराची दुरुस्ती व बळकटीकरण घरमालकानेच करून घ्यायचे, असे ठरले. अशी लाखाहून अधिक घरे झाली.

फरक पुढे दिसला. चौकोनी आखणीच्या नव्या गावांत रस्ते रुंद होते. पण गोठ्याला, कडब्याला, आडोशाला जागा कोठे, हा विचार राहून गेला होता. शेजार तुटला, शेत लांब गेले. ज्यांनी आपल्या हाताने घर सावरले, त्यांना कोनाडा कोठे हवा हे कोणी सांगावे लागले नाही. त्यांच्या गावात भूकंपाला तोंड देणारी बांधणी जाणणारे गवंडीही तयार झाले.

दुसरा दाखला सोलापूरजवळच्या कुंभारीचा. विडी वळणाऱ्या महिलांनी कम्युनिस्ट कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे लढा दिला आणि गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी प्रत्येकी वीस हजार रुपयांचा वाटा उचलला होता. मळवलीत विटा रचल्या गेल्या त्याच वर्षी, सप्टेंबर २००६ मध्ये, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते या घरांचे हस्तांतर झाले. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आकाराला आले आणि त्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतर जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. येथे कुटुंबांनी घमेली वाहिली नसतील. पण आपला वाटा आपल्या मजुरीतून भरला आणि संघटित राहून जमीन मिळविली.

कुंभारीतील मिळविलेल्या या जमिनीशीच सोनिवलीचा प्रश्न येऊन थांबतो.

भिंती बांधता येतात, जमीन?

सोनिवलीत किंवा बदलापूरच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत असा उपक्रम उद्या करायचा म्हटले, तर स्वयंसेवक मिळतील. मुंबईतील महाविद्यालये आणि कंपन्या लोकलच्या अंतरावर आहेत. विटा तर येथेच भाजल्या जातात. अडेल ते जागेपाशी. मुंबई महानगराच्या सावलीत आलेल्या या गावांत घराच्या किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचा असतो. विटा, सिमेंट आणि मजुरी यांत कितीही बचत केली, तरी जमिनीच्या भावापुढे ती तोकडी पडते. म्हणूनच अशा संस्थांची कामे जेथे कुटुंबाकडे स्वतःची जागा आहे किंवा जेथे जमीन दानात वा सवलतीत मिळते, अशा गावांत अधिक होतात.

कातकरी वाड्यांत तर अडचण दुहेरी असते. अनेक वाड्या पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत. गावठाणाच्या नकाशात त्या नाहीत, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी विचारीत नव्हते. भाव आला, तसे कुंपण आले. अशा जागेवर पक्के घर बांधायला कोणतीही संस्था धजत नाही आणि धजू नये, कारण उद्या जमीनमालक न्यायालयात गेला, तर देणगीदारांचा पैसा आणि कुटुंबाचा घाम दोन्ही मातीमोल होतात.

शासनाच्या योजनांनाही ही मेख चुकलेली नाही. २०१५ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात, स्वतःच्या जागेवर लाभार्थ्याने स्वतः घर बांधण्याचा एक घटक आहे. त्यात केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाचे एक लाख, असे अडीच लाखांचे साह्य टप्प्याटप्प्याने मिळण्याची तरतूद करण्यात आली. ग्रामीण विभागात २०१६ च्या आराखड्यानुसार सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, असे सूत्र ठरले. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई या राज्याच्या घरकुल योजना आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. तिच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात घरासाठी दोन लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. या साऱ्या योजनांत घर लाभार्थ्यानेच बांधायचे असते आणि साऱ्यांत एक कागद आधी मागितला जातो : जागा तुमची आहे काय?

येथे स्वयंसेवी काम आणि शासकीय योजना परस्परांना पूरक ठरू शकतात. जागा असलेल्या कुटुंबाचे घरकुल अनेकदा जोत्यापाशी किंवा लिंटेलपाशी अडते, कारण पहिला हप्ता खर्च होतो आणि पुढचा मिळण्याआधी पुढचे काम दाखवावे लागते. दीड-दोन लाखांत घर होत नाही. वरची रक्कम सावकाराकडून येते. अशा घराला पंधरा दिवस वीस स्वयंसेवकांचे हात, एका अभियंत्याचा सल्ला आणि बिनव्याजी पन्नास हजार रुपये मिळाले, तर तेच घर एका हंगामात पुरे होते. जागा नसलेल्या कुटुंबासाठी मात्र श्रमदानाचे स्वरूप वेगळे असावे लागेल. वाडीची मोजणी करून घेणे, गावठाणाचा विस्तार मागणे, जातीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा गोळा करणे, तहसील कार्यालयात पाठपुरावा करणे, ही कामे छायाचित्रात चांगली दिसत नाहीत. पण पाया खणण्याआधीचा पाया तोच आहे.

परदेशी पाहुण्यांविषयीचा आक्षेप

आठवडाभरासाठी विमानाने येऊन विटा रचणाऱ्या पाहुण्यांविषयी एक आक्षेप जगभर घेतला जातो. प्रवासाला लागणाऱ्या पैशात स्थानिक गवंड्याला कितीतरी दिवसांचे काम देता आले असते, असा तो आक्षेप. हिशेबाच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. त्यावर संस्थांचे उत्तर असे, की स्वयंसेवक घर बांधून जातो तसा घरांच्या प्रश्नाचा साक्षीदारही होऊन जातो. परत गेल्यावर तो देणगी देतो, इतरांना सांगतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मळवलीत शंभर घरे झाली, हे निर्विवाद. परंतु ज्या राज्यात गरजू कुटुंबांची मोजणी लाखांत होते, तेथे शंभर घरे हा प्रश्नाचा निकाल नव्हे. त्या आठवड्याने एक रीत दाखवून दिली : माजी राष्ट्राध्यक्ष, नट, क्रिकेटपटू आणि बचत गटातली बाई एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहू शकतात आणि भिंत संपली, की तिचा दरवाजा त्या बाईचा असतो.

सोनिवलीच्या परिसरातील भट्ट्या येत्या हंगामातही पेटतील. विटा पाडणारी कुटुंबे पावसाआधी आपापल्या वाड्यांवर परततील. त्यांना घर बांधायला शिकवावे लागणार नाही. माती, पाणी आणि आगीचे गणित त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या खोपटाखालची दोन-तीनशे चौरस फूट जागा कागदावर त्यांच्या नावाने झाली, तर हप्ता, अनुदान आणि श्रमदान या तिन्ही वाटा त्यांच्या दारापर्यंत येऊ शकतात. तोवर त्यांच्या हातच्या विटा ट्रकमध्ये भरल्या जातील आणि दुसऱ्यांच्या इमारतींकडे रवाना होतील.